बस्त्याची गादी

बस्ता म्हणजे काय प्रकार असतो हे ज्यानं पाहिलेलं नाही, त्याला परांडकर साडी सेंटरमधून साड्या गायब कशा होतात हे सांगूनही पटायचं नाही. एका लग्नाची खरेदी. नवरीकडची पंधरावीस माणसं, नवऱ्याकडची तितकीच, शिवाय दोन्हीकडची नसलेली पण चहाच्या वेळी हजर असणारी दोनतीन. सगळी चपला काढून पांढऱ्या गादीवर मांडी ठोकून बसतात. मग मावशीची साडी, आत्याची साडी, मानपानाच्या साड्या, ऐनवेळी आठवलेल्या चुलत सासूची साडी. एकेक घडी उलगडत जाते आणि तासाभरात गादीवर ढीग लागतो. त्या ढिगातली एखादी साडी कुणाच्या पिशवीत गेली तर ते ब्रह्मदेवालासुद्धा सांगता येणार नाही.

२०४३ साल उजाडलं तरी यात फरक पडला नव्हता. बार्शीत बिनचालकाच्या रिक्षा फिरायला लागल्या होत्या, घरबसल्या साडी नेसवून दाखवणारे आरसे आले होते. पण बस्ता बांधायचा तर गादीवरच, आणि माणसं घेऊनच. आरशासमोर रुसता येत नाही ना!

दुकान ज्योत्स्ना आणि तिचा थोरला भाऊ सुहास या दोघांचं. सुहासदादा हिशेब बघायचा आणि संध्याकाळी चक्कर मारायचा. गादीवर राज्य ज्योत्स्नाचं. पन्नाशी आलेली, आवाज मोठा, नजर तयार. गिऱ्हाइकानं पदर चाचपला की ते घेणार की नुसतं हाताळणार, हे ती ओळखायची. पण दरवर्षी लग्नसराई संपली की मालाची मोजणी व्हायची आणि कपाटभर साड्या कमी भरायच्या.

"कॅमेऱ्यात काय दिसतंय? सगळ्यांच्या पाठी आन पदर!" दादा वैतागायचा. "मला तर घरातलाच माणूस वाटतोय. लिंबाजी."

लिंबाजीमामा म्हणजे दुकानाचे जुने सेल्समन. ज्योत्स्नाला साडीची घडी घालायला त्यांनीच शिकवलं होतं. दादाच्या तोंडून हे नाव ऐकलं की तिच्या अंगाची आग व्हायची.

शेवटी दादानं निर्वाणीचं सांगितलं. यंदाही मोजणीत तूट आली तर दुकान बंद. जागेला एक मोठी कंपनी भाडं द्यायला तयारच होती. ज्योत्स्ना त्या रात्री जेवली नाही. दुकान गेलं तर पैशानं ती उपाशी मरणार नव्हती, पण सकाळी उठून जायचं कुठं, हे काही तिला सुचेना.

म्हणून 'चाहूल' आली.

ती घेऊन आली सबा मुजावर, पुण्याच्या एका प्रयोगशाळेतली इंजिनिअर. तिनं यंत्र म्हणून आणलं काय, तर गादीची खोळ! पांढरी, सुती, दिसायला नेहमीसारखी. फक्त तिच्या विणीत केसाहून बारीक तारा होत्या.

"काकू, बसा. आता उजवा हात वर करा," सबा म्हणाली.

ज्योत्स्नानं केला.

"तुमचा हात हलला त्याच्या आधी तुमची पाठ आणि कंबर सावरली होती. हे बघा." सबानं हातातल्या पाटीवरची रेघ दाखवली. "तसं झालं नाही तर हाताच्या वजनानं माणूस पुढं झुकेल. हे आपण ठरवून करत नाही, शरीर आधीच तयारी करून ठेवतं. ही तयारी आपल्या बैठकीच्या वजनात उमटते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अंग किंचित हलतं, तेही उमटतं. ह्या तारा तेवढंच मोजतात."

"आन चोर कसा कळतो?"

"साधं गिऱ्हाईक तयारी करतं आणि हलतं. साडीला हात घालायचा असला की घालतं. चोरणाऱ्याचं अंग निघतं आणि तो त्याला अडवतो. पुन्हा निघतं, पुन्हा अडवतो. कुणी बघतंय का, आत्ता की मग. अशी अडवलेली हालचाल पाचसहा वेळा झाली की त्या जागेचा हिरवा दिवा पिवळा होतो. फारच झाली की लाल."

"म्हंजे मनातलं कळतं म्हण की."

"छे! मनातलं कळत असतं तर मी साडीच्या दुकानात कशाला आले असते?" सबा हसली. "अंग निघालं होतं आणि थांबवलं गेलं, एवढंच कळतं. पुढचा आपला अंदाज."

खोळ चढली. गल्ल्याखाली, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी, गादीच्या नकाशाची एक पाटी बसली. आणि ज्योत्स्नानं स्वतःचा एक नियम केला. चोर पकडायचा नाही, चोरी होऊ द्यायची नाही. जागा लाल झाली की लिंबाजीमामा पाण्याचा पेला घेऊन तिथं जाऊन टेकायचे.

"मावशी, पाणी घ्या. ही बघून झाली का? द्या, घडी घालतो."

मावशी पाणी प्यायच्या आणि गुडघ्याखाली गेलेली साडी वर यायची. शाळेतल्या एक बाई, ज्यांच्यासमोर निम्मी बार्शी उभी राहते, त्यांच्या मांडीखालून दोन निघाल्या. "बाई गं, इथं कशी आली ही?" असं म्हणून त्यांनीच घडी घातली. चारचौघांत चोर ठरायची वेळ कुणावरच आली नाही, आणि माणसं चोर व्हायचीही राहिली. ज्योत्स्नाला हे फार आवडलं. महिनाभरात लिंबाजीमामांची चाल बदलली, मान वर झाली. दादा त्यांच्याशी बोलताना खाली बघायला लागला.

वैशाखात मोट्यांचा बस्ता आला. भागवतराव मोटे म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ, आणि नवऱ्याकडचे त्यांच्याहून बडे. सगळ्या सराईतली सगळ्यात मोठी खरेदी. हा बस्ता नीट पार पडला तर दादाचं तोंड कायमचं बंद होणार, हे ज्योत्स्नाला कळत होतं. दादालाही कळत होतं, म्हणून तो त्या दिवशी भरदुपारीच येऊन गल्ल्यावर बसला.

नवरीची जागा गादीच्या मधोमध. पहिली खरेदी तिच्या शालूची. सासरच्यांनी तो पसंत करायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, मग बाकीच्या घड्या मोडायच्या. तोवर नवरीनं जागचं उठायचं नाही, अशी रीत. शर्वरी, म्हणजे नवरी, खाली मान घालून बसली होती. सडपातळ, उन्हानं रापलेली, खांद्याला एक कापडी पिशवी. सासूबाई एकेक शालू तिच्या खांद्यावर टाकून बघत होत्या आणि नाकं मुरडत होत्या.

लिंबाजीमामा वरच्या मजल्यावर आणखी शालू आणायला गेले होते आणि ज्योत्स्ना व्याह्यांना किमती समजावत होती. तेवढ्यात गल्ल्याखालचा दिवा पिवळा झाला आणि बघता बघता लालभडक. असा लाल दादानं कधी पाहिला नव्हता. जागा होती मधोमधची.

दादाला नियम माहीत होता, पण नियम पाळायला मुळात धीर लागतो. तो उठला, चपळाईनं गादीवर गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, जरा पिशवी दाखवता का?"

आवाज हळू होता, पण बायका ऐकत होत्या.

"काय म्हणालात?" सासूबाई ताडकन म्हणाल्या.

शर्वरीनं पिशवी उलटी केली. कंगवा, फोन, एक पेन, आणि रबरी पकडीचे जाडजूड हातमोजे. साडी कुठंच नव्हती.

मग जो काही गोंधळ झाला! नवऱ्याचे काका उभे राहून ओरडायला लागले, "आमच्या होणाऱ्या सुनेला चोर म्हंता व्हय? दुकान चालवायलाय का पोलीस चौकी?" भागवतरावांचा चेहरा उतरला. आणि त्या सगळ्यात सासूबाई ते हातमोजे चिमटीत धरून विचारत होत्या, "आन हे अजून कशाला जवळ ठेवलंत?"

ज्योत्स्ना मध्ये पडली. तिनं दादाला मागं ढकललं, हात जोडले, माफी मागितली, चहा मागवला आणि "नवरीला शालू नेसवून दाखवते" म्हणून शर्वरीला आतल्या खोलीत नेलं. दार लावलं.

"दादाच्या वतीनं माफी मागते गं. त्याला अक्कल कमीच आहे. पण खरं सांग, तुला काय होतंय?"

"काही नाही."

"गादीखाली मशीन आहे. अंग उठू बघतंय आणि कुणीतरी दाबून धरलंय, एवढं त्याला कळतं. इतकं लाल आजवर कुणी केलं नव्हतं."

शर्वरीनं एकदा दाराकडं बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला उठायचं होतं. मघापासून उठायचं होतं."

"कुठं जायला?"

"कामावर."

ती येडशीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांवर काम करत होती. पात्यांची दुरुस्ती. यंत्रमानव खालून वर चढत, पण वाऱ्यात पातं थरथरायला लागलं की माणसालाच जावं लागे. सगळ्या टोळीत ती एकटी मुलगी. वर गेलं की कसं वाटतं हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा मोकळा झाला. आणि लग्नानंतर चढायचं नाही, असं ठरलं होतं.

"कुणी ठरवलं?"

"ठरलंय."

"मुलगा काय म्हणतो?"

"त्यांच्याशी दोनदा बोललेय. दोन्ही वेळा मधे दहा माणसं."

"मग तू 'नाही' म्हणाली नाहीस?"

"विचारलं असतं तर म्हणाले असते ना, काकू." तिनं डोळे पुसले. "तुम्ही बाहेर काही सांगू नका. आप्पांची मान खाली जाईल. मशीन बिघडलंय म्हणा."

"मी काही सांगणार नाही. सांगायचं ते तूच," ज्योत्स्ना म्हणाली आणि तिला शालू नेसवायला लागली.

निऱ्या काढताना तिचे हात नेहमीसारखे चालेनात. पंचवीसेक वर्षांपूर्वी तिचा स्वतःचा बस्ता याच दुकानात झाला होता. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. नवरा भला निघाला, संसार झाला, तक्रार काही नव्हती. पण नशीब चांगलं निघणं आणि आपल्याला कुणीतरी विचारणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला त्या खोलीत, त्या पोरीच्या निऱ्या काढताना कळलं, आणि तिला स्वतःचंच वाईट वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा चहानं आपलं काम केलेलं होतं. काका बिस्किट बुडवून खात होते. दादानं आशेनं विचारलं, "मशीनचाच घोटाळा होता ना, ज्योती?"

नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की बस्ता होता, दुकान होतं, लिंबाजीमामांची नोकरी होती. ज्योत्स्ना हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. ती गल्ल्याकडं गेली.

शर्वरी शालू नेसून मधोमध येऊन बसली. छान दिसत होती. सासूबाईंचं नाक प्रथमच सरळ झालं. "हाच घ्या," त्या म्हणाल्या आणि हळदकुंकवाची कोयरी पुढं आली. गल्ल्याखालचा दिवा पुन्हा लाल झाला होता. सासूबाईंचं बोट कुंकवात बुडालं.

"थांबा," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आवाज मुळातच मोठा, सगळं दुकान वळून बघायला लागलं. "शर्वरी, तुला उठायचंय का?"

"हा काय चावटपणा?" काका म्हणाले.

ज्योत्स्ना त्यांच्याकडं बघत नव्हती. शर्वरीनं आधी वडिलांकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं. आणि ती उठली. गादीवरच्या एवढ्या माणसांत ती एकटीच उभी होती.

"आप्पा, मी चढायचं सोडणार नाही. त्यांना चालत असेल तर लग्न करते. नसेल चालत तर नको."

पुढं काय झालं ते बार्शीत अजून चवीनं सांगतात. तीसेक माणसं एकदम चपला शोधायला लागली. कुणी कुणाच्या घालून गेलं. दुकानात उरले ते चहाचे कप आणि उलगडलेल्या शालूंचा ढीग. शर्वरी शालू बदलून आल्यावर भागवतराव शेवटी निघाले. लेकीशी ते एक अक्षर बोलले नाहीत, पण ती पिशवी विसरली होती, ती त्यांनी उचलून आपल्या खांद्याला लावली.

दादा गादीवर मटकन बसला. "चोर पकडायला आणलं आन गिऱ्हाईक पळवून लावलं! झालं तुझं समाधान?"

"झालं," ज्योत्स्ना म्हणाली. मग तिला रडू फुटलं.

परांडकरांच्या गादीखाली मशीन आहे, त्याचा दिवा लाल झाला की लग्न मोडतं, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुकान ओस पडलं. लिंबाजीमामा घातलेल्याच घड्या मोडून पुन्हा घालत बसायचे. ज्योत्स्नाला वाटलं, संपलं आता.

मग एका दुपारी वैरागहून एक बाई आल्या, सोबत लग्नाची मुलगी. मुलीला गादीवर बसवून त्या गल्ल्याशी येऊन कुजबुजल्या, "साडी नंतर घेते. आधी हिचं लाल का हिरवं तेवढं सांगा. मला काय ती खरं बोलायची न्हाई."

त्या आल्या तशा आणखी आल्या. परांड्याहून, कळंबहून, पार लातूरहून. पाठोपाठ सबाच्या प्रयोगशाळेतून कुणीतरी फोन केला, की याची वेगळी योजना करू, मुलीमागं पैसे आकारू. दादाचे डोळे चमकले. खरं सांगायचं तर ज्योत्स्नालाही मोह झाला. एवढ्या पोरींच्या मनातलं आपल्यामुळं बाहेर येतंय, याचं तिला समाधान वाटायला लागलं होतं. ती लाल की हिरवं ते सांगू लागली.

आठपंधरा दिवसांत ती वैरागची मुलगी एकटीच दुकानात आली. रागानं फुरफुरत होती.

"काकू, तुम्ही आईला लाल सांगितलंत?"

"होतंच लाल."

"अहो, मला बाथरूमला जायचं होतं! एसटीतून उतरल्यापासून! नव्या दुकानात कसं विचारायचं म्हणून बसले होते. तेवढ्यावरून आईनं लग्न थांबवलंय. मी हो म्हणतेय तर म्हणते, तू गप, मशीननं सांगितलंय."

लिंबाजीमामांना हसू आवरेना. ज्योत्स्नालाही आलं, पण अर्ध्यावर थांबलं. पोरीचं तोंड आधी घरच्यांनी बंद केलं होतं, आता आपल्या गादीनं केलं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला शरम वाटली. त्याच दिवशी ती वैरागला गेली, त्या बाईंच्या पाया पडायचीच काय ती बाकी राहिली. लग्न ठरल्या दिवशी झालं.

तिनं सबाला बोलावून घेतलं. सबानं सुई घेतली आणि गादीच्या मधोमधच्या जागेतल्या तारा एकेक करून उसवून काढल्या. बाकीची गादी होती तशी ठेवली.

"पण आक्का, नवरीनंच एखादी साडी लांबवली तर?" लिंबाजीमामांनी विचारलं.

"तिच्याच लग्नाची आहे. लांबवू दे."

लाल-हिरवं विचारायला येणाऱ्यांना ती तोंडावर सांगू लागली, की तुमच्या लेकीचं आम्हाला काही कळत नाही, साडी हवी असली तर दाखवते. काही चिडून गेल्या. बऱ्याचजणी आल्याच आहोत म्हणून साड्या घेऊन गेल्या.

सराई संपली, मोजणी झाली. दादानं स्वतः केली, मग विश्वास न बसून पुन्हा केली. दोनच साड्या कमी होत्या, आणि त्यातली एक उंदरांनी कुरतडलेली माळ्यावर सापडली. मोट्यांचा बस्ता गेला होता तरी दुकान तोट्यात नव्हतं. भाड्याचा विषय दादानं पुन्हा काढला नाही, आणि दिवाळीला लिंबाजीमामांच्या घरी पेढे घेऊन स्वतः गेला.

दिवाळीतच शर्वरी येऊन गेली, भागवतरावांबरोबर. आईला साडी घ्यायची होती. सासरचं काय झालं असं ज्योत्स्नानं विचारलं तेव्हा ती लाजली. मुलगा एकदा येडशीला आला होता, पवनचक्कीच्या पायथ्याशी. वर बघून त्याला घेरी आली म्हणे. पण तो पुन्हा आला. बोलणी चालू होती, आता दोघांचीच.

माघात दादाच्या मुलीचं, मैथिलीचं लग्न ठरलं. बस्ता अर्थातच घरच्या दुकानात. गादी भरली, चहा फिरला, मैथिली मधोमध बसली. हळदकुंकवाची कोयरी तयार झाली. ज्योत्स्ना शालूची घडी मोडणार, तेवढ्यात दादा गल्ल्यापाशी आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"ज्योती, जरा बघ की."

"काय बघू?"

"लाल आहे का ते. पोरगी आठ दिवस गप्प गप्प आहे. मला झोप नाही."

"तिच्या जागेखाली तार नाहीये, दादा. मीच काढून टाकली."

हा माणूस दुकानभर ओरडत फिरायचा, गिऱ्हाइकाची पिशवी उघडायला त्याला कधी संकोच वाटला नव्हता. आता स्वतःच्या लेकीला विचारायचा त्याला धीर होत नव्हता.

"मग मला कळणार कसं?"

ज्योत्स्नानं शालू तसाच घडीत ठेवला आणि ती बाजूला सरकली. मग दादा चपला काढून गादीवर चढला, व्याह्यांमधून वाट काढत मधोमध गेला आणि लेकीसमोर मांडी घालून बसला.

"मैथिली, बाळा, तुला करायचंय ना गं हे लग्न?"

सगळे बघत होते. मैथिलीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नाही म्हटलं तर, बाबा?"

"तर आत्ता उठू. तू आन मी. चहा पिऊ आन घरी जाऊ."

"आणि लोक?"

"लोकांना लिंबाजी पाणी देईल."

मैथिली रडता रडता हसली. वडिलांचा हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग नाक पुसलं आणि गल्ल्याकडं वळून म्हणाली, "आत्या, शालू दाखव. पण हा जांभळा नको. मला हिरवा हवाय."